सुतळीला बांधलेली वही

सूनबाई हल्ली सकाळचा चहा गाळता गाळता फोनवर बघून सांगते, शहरात कोणाकोणाला बांधकामाची परवानगी मिळाली ते. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातात फोन. नाव, पत्ता, कामाचा प्रकार, क्षेत्रफळ, सगळं बोटाखाली. तिचा नवरा त्यातले दोन-चार पत्ते निवडतो, फोन लावतो, आणि समोरच्याने ऐकून घेतलं तर संध्याकाळी जाऊन मापं घेऊन येतो. गिलाव्याची कामं आता अशीच मिळतात. मिस्त्रीणबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत असतात आणि मध्येच विचारतात, "त्या घरात कोणी म्हातारं माणूस आहे का गं?"

"ते कसं दिसेल आई, फोनमध्ये?"

"मग दिसतं तरी काय मेलं?"

सून हसते. तिला सासूबाईंचं कौतुकही आहे आणि थोडी गंमतही वाटते. परवानग्यांची यादी बघून काम मिळवायचं हा धंदा आपल्या पिढीने काढला, असं तिच्या नवऱ्याचे मित्र समजतात. तिला माहीत आहे की तो तिच्या सासूने काढला. तेव्हा या घरात साधा फोनसुद्धा नव्हता.

मिस्त्रीणबाई म्हणजे मिस्त्रींची बायको, म्हणून मिस्त्रीणबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली तरी हाक तीच राहिली. मिस्त्री गिलाव्यातले. त्यांनी रंधा फिरवलेल्या भिंतीवर पाण्याचा थेंब सोडला तर तो कुठे अडखळत नसे, सरळ खाली येई. हात असा, आणि तोंडात मात्र कायमची मिठाची गुळणी. घरमालकाने "किती दिवस लागतील?" असं विचारलं, तर ते भिंतीकडे बघत. मालकाने पुन्हा विचारलं, तर पुन्हा भिंतीकडे बघत. तोवर दुसरा कोणी तरी तीन वाक्यं बोलून काम घेऊन गेलेला असे.

ते एका जुन्या ठेकेदाराकडे होते तोवर याने काही अडलं नाही. काम ठेकेदार आणायचा, मिस्त्री करायचे. मग ठेकेदाराने वय झालं म्हणून गाशा गुंडाळला आणि तो मुलीकडे राहायला गेला. मिस्त्री रोज सकाळी थापी पिशवीत घालून मजुरांच्या नाक्यावर उभे राहू लागले. दुपारी परत येत.

"काय झालं?"

"कोणी आलं नाही."

"आलं नाही, की आलं आणि तुम्ही बोलला नाहीत?"

यावर मिस्त्री घरातल्या भिंतीकडे बघत.

मिस्त्रीणबाई पाणीपट्टी भरायला नगरपालिकेत गेल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. पाणीपट्टीच्या खिडकीला मारुतीच्या शेपटासारखी रांग. शेजारची बांधकाम विभागाची खिडकी मात्र ओस. त्या खिडकीच्या गजाला सुतळीने एक जाडजूड वही बांधलेली, आणि वर पाटी: 'मंजूर बांधकामांची नोंद. हरकत असल्यास मुदतीत नोंदवावी. मुदत संपेपर्यंत ही वही खिडकीत राहील.' हरकत घेणारं कोणी नव्हतं. वहीवर एक मांजर झोपलं होतं. रांग हलेना म्हणून त्यांनी मांजराला बाजूला केलं आणि वाचायला सुरुवात केली. त्यांच्याच मागच्या गल्लीत कोणाला तरी दोन खोल्या वाढवायची परवानगी मिळाली होती.

खिडकीतल्या भाऊसाहेबांनी कानावरची पेन्सिल काढून विचारलं, "तुमची हरकत आहे का काही?"

"छे हो. माझी कसली हरकत? बांधू देत की लोकांना."

"मग वाचताय कशाला?"

"मनाई आहे का?"

भाऊसाहेबांनी पाटीकडे वळून पाहिलं, जणू ती आज पहिल्यांदाच वाचत होते. "मनाई नाही," ते म्हणाले. "पण आजवर कोणी वाचली नाही."

पाणीपट्टी तशीच राहिली. मिस्त्रीणबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "अहो उठा, सदरा बदला." मागच्या गल्लीत त्या दारात पुढे उभ्या राहिल्या आणि बोलल्या. मिस्त्री मागे उभे राहिले आणि भिंतीकडे बघत राहिले. काम मिळालं.

तेव्हापासून दर मंगळवार त्या खिडकीचा झाला. नव्या मंजुऱ्या सोमवारी संध्याकाळी वहीत चढत, म्हणून मंगळवार. भाऊसाहेब सुरुवातीला कपाळाला आठ्या घालत, पण त्यांनाही आपलं मोत्यासारखं अक्षर कोणी तरी वाचतंय याचं सुख होतंच. 'जोतं' म्हणजे कुठपर्यंत, 'सामासिक अंतर' म्हणजे काय, हे त्यांनी खिडकीतूनच शिकवलं. "नवं घर, दोन मजले, असं दिसलं की पान उलटा," ते सांगत. "तिथे मोठे ठेकेदार आधीच पोचलेले असतात. तुमचं काम बारीक अक्षरात."

बारीक अक्षरातली कामं म्हणजे वाढीव खोली, मोरी, कुंपणाची भिंत, गच्चीवरची शेड. दुसरे गिलावेवाले विटा चढलेल्या दिसल्या की दार ठोठावत, आणि तोवर मालकाने कोणाला तरी शब्द दिलेला असे. मिस्त्रीणबाई विटांच्या आधी जात, पण फार आधीही नाही. मंजुरीच्या दुसऱ्याच दिवशी गेलं तर माणूस बिचकतो, 'हिला कसं कळलं' म्हणतो. दारात वाळूचा पहिला ढीग पडला की जायचं. वाळूवर घरातली पोरं खेळत असतात, घरातले त्यांना ओरडायला बाहेर आलेले असतात, आणि मालक उगाचच खुशीत असतो.

वही वाचता वाचता त्यांना आणखी एक खोड लागली. कामावरून त्या घर ओळखू लागल्या. गच्चीवर एक खोली, म्हणजे मुलाचं लग्न ठरलं. तळमजल्यावर नवी मोरी, म्हणजे कोणाचे तरी गुडघे गेले. कुंपण उंच करायचंय, म्हणजे शेजाऱ्याशी बिनसलं. घराच्या पुढच्या खोलीला शटर, म्हणजे नोकरी गेली आणि दुकान येतंय. घरी येऊन त्या मिस्त्रींना सांगत, आणि मिस्त्री जेवता जेवता म्हणत, "असेल." बहुतेक वेळा ते खरं निघे. त्या दिवसांबद्दल बोलताना आजही मिस्त्रीणबाईंचा चेहरा सैल होतो. अख्खं गाव आपल्याला आधी कळायचं, असं त्या म्हणतात, आणि पुढे लगेच म्हणतात, "तेच तर नडलं."

त्या मंगळवारी वहीत होतं: तळमजला, पुढील खोलीत मधोमध विभाजक भिंत, मागील बाजूने स्वतंत्र जिना. खोड लागलेल्या माणसाला याचा अर्थ लावायला वेळ लागत नाही. दोन भाऊ, वाटण्या. अर्जदार म्हणून नाव मात्र आईचं होतं. मिस्त्रीणबाईंना वाटलं, बरी आहे बाई. पोरांनी डोकी फोडण्याआधी स्वतःच वाटून देतेय.

ही आई म्हणजे शिवणाच्या आजी. गावातल्या दोन पिढ्यांच्या शाळेच्या गणवेशांना त्यांचे हात लागले होते. मिस्त्रीणबाई या वेळी वाळूची वाट न बघता गेल्या, तेव्हा आजी पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीनवर बसल्या होत्या.

"या. काय शिवायचंय?"

"शिवायचं नाही काही. मी मिस्त्रींकडची. म्हटलं, तुमचा अर्ज मंजूर झाला, तर गिलाव्याच्या वेळी आमची आठवण ठेवा."

"कसला अर्ज?"

"भिंतीचा हो."

मशीन थांबलं. "कुठली भिंत?"

इथे थांबायला हवं होतं, हे मिस्त्रीणबाईंना पुढे आयुष्यभर कळत राहिलं. पण त्या क्षणी त्यांना वाटलं, आजींना ऐकू कमी येतं. म्हणून त्यांनी आवाज चढवला, आणि समजायला सोपं जावं म्हणून हातही केले. "ह्या खोलीच्या मधोमध हो, आजी! दोन घरं होणार ना तुमची! आणि मागून वेगळा जिना!"

आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. थोरली सून ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

आजींना उत्तम ऐकू येत होतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. "मागे घरपट्टीचा कागद म्हणून सही घेतली, तो हाच का?"

"मला काही माहीत नाही. ह्यांना विचारा," सून म्हणाली. ते इतक्या पटकन आलं की तिला सगळं माहीत होतं हे मिस्त्रीणबाईंनाही कळलं.

आजींनी पुढे एवढंच विचारलं, "मधोमध म्हणजे कुठून?" मिस्त्रीणबाईंना हात खाली घेता येईना. दारापासून त्यांनी हवेत एक रेघ ओढली. ती खिडकीला जाऊन थांबली, मशीनच्या बरोबर वर.

संध्याकाळी थोरला मुलगा मिस्त्रींच्या दारात आला. शिकलेला, शांत आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी आवाज फाटला होता.

"तुम्हाला कोणी सांगितला होता हा चोंबडेपणा? आईला आम्ही सांगणारच होतो. योग्य वेळ बघून, हळूहळू!"

"मला वाटलं त्यांनीच अर्ज केला. नाव त्यांचं होतं."

"नाव घरावर तिचं आहे म्हणून तिचं. तुम्ही गवंडी आहात की तार खात्यात कामाला आहात? सकाळपासून तिने कोणाशी शब्द बोललेला नाही. धाकट्याला वाटलं, मी सांगितलं. बायकोने सांगेपर्यंत मला वाटलं, त्याने सांगितलं. आणि सांगून गेली कोण, तर गिलावेवाल्याची बायको!"

मिस्त्री उठून उभे राहिले. काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी पाहुण्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, एवढंच. थोरल्याने पाण्याला हात लावला नाही. जाताना म्हणाला, "ती वही लोकांच्या घरात डोकावण्यासाठी नाही. मी तक्रार करणार आहे. बघतोच, पुढच्या मंगळवारी तुम्हाला काय वाचायला मिळतं ते."

पुढच्या मंगळवारी खिडकीच्या गजाला नुसती सुतळी लोंबत होती.

भाऊसाहेब मान वर करेनात. "साहेबांनी वही आत मागवली," ते हळूच म्हणाले. "लेखी तक्रार आहे. ठेकेदारांच्या माणसांना नोंदी दाखवतो म्हणून माझ्याकडूनही खुलासा मागितलाय. तुम्ही काही दिवस इकडे फिरकू नका, वहिनी."

घराकडे येताना मिस्त्रीणबाईंनी मनात हिशेब घातला. हातात एका बंगलीचा गिलावा होता, तो महिनाअखेरीला उरकणार. त्यापुढे कोरं. पुन्हा थापी पिशवीत आणि मिस्त्री नाक्यावर, न बोलता. शिवाय आपल्या तोंडामुळे एका सरळ माणसाच्या नोकरीवर बालंट. दोन्ही एकाच सुतळीला टांगलेलं.

"मी त्या साहेबाचे पाय धरते," रात्री जेवण वाढताना त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी भाकरीचा तुकडा मोडला. "आधी त्या आजींकडे जा."

"त्यांच्याकडे जाऊन वही परत येणार आहे का?"

"वहीचं नंतर," मिस्त्री म्हणाले. "वाईट त्यांचं झालं."

नवरा कमी बोलतो याचा एक तोटा असा, की बोलतो तेव्हा ऐकावं लागतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीणबाई गेल्या. दारातून आत पाऊल टाकवेना. आजी मशीनवरच बसल्या होत्या, पण मशीनवर कापड नव्हतं.

"या आत. तुम्ही तरी बोलता," आजी म्हणाल्या. "घरात सगळे चवड्यांवर चालतायत. मी काय आजारी आहे?"

"माझं चुकलं, आजी. माझ्या तोंडाला कुलूप नाही."

"तुमचं काय चुकलं? मला माझ्या घरातली बातमी दिली. ती घरातल्यांनी द्यायची राहिली, एवढंच." मग त्या म्हणाल्या, "ती वही मला बघायचीय."

मिस्त्रीणबाईंनी सगळं सांगितलं. वही आत गेली, भाऊसाहेबांवर ठपका आला, तक्रार कोणाची. मुलाचं नाव ऐकल्यावर आजींनी नुसतं "हूं" केलं. मग विचारलं, "हरकत कोण घेऊ शकतं?"

"कोणीही. शेजारी, घरातलं."

"आणि स्वतःच्याच अर्जावर?"

मिस्त्रीणबाई पाटीवरचं आठवू लागल्या, तोवर आजींनी चपला शोधायला सुरुवात केली होती.

नगरपालिकेत साहेबांच्या खोलीबाहेर दोघी बाकावर बसल्या. भाऊसाहेबांनी खिडकीतून त्यांना पाहिलं आणि डोक्याला हात लावला. आत बोलावल्यावर आजी खुर्चीत ताठ बसल्या. मिस्त्रीणबाई दाराशीच उभ्या राहिल्या.

"माझ्या घराला भिंतीची मंजुरी मिळालीय," आजी म्हणाल्या. "मला हरकत घ्यायचीय."

साहेबांनी कागद काढला, वाचला, चष्मा वर सरकवला. "आजी, अर्ज तुमचा आहे. सही तुमची आहे."

"हो."

"आणि हरकतही तुमचीच?"

"तिन्ही माझीच. घरही माझंच आहे."

"असं आजवर झालेलं नाही."

"मीही आजवर आलेले नाही. वही दाखवा, काय लिहिलंय ते बघू दे."

"वही सध्या बाहेर ठेवत नाही. तक्रार आहे, लोक दुरुपयोग करतात म्हणून."

"मग मी हरकत कशावर घेऊ? आणि तुमच्या पाटीवर लिहिलंय की मुदत संपेपर्यंत वही खिडकीत राहील. मी येताना वाचलं. पाटी खोटी असेल तर काढा, म्हणजे माझ्यासारखी माणसं फसणार नाहीत."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला पाटी काढायचा ठराव, त्याचं टिपण, त्याच्या वरच्या साहेबाची सही, असं सगळं एका दमात डोळ्यांपुढे दिसलं असावं. "तक्रार करणारा म्हणतो, ठेकेदाराच्या बाईने घरात येऊन बातमी फोडली."

"ती दारात उभी आहे. आणि तक्रार करणारा माझा मुलगा आहे," आजी म्हणाल्या. "त्याने मला सांगितलं असतं, तर फोडायला बातमीच उरली नसती. तुमच्या खिडकीतल्या माणसाने काय केलं? वही उघडी ठेवली. ती उघडी ठेवायलाच त्याला पगार देता ना?"

साहेबांनी घंटी वाजवली.

भाऊसाहेबांनी वही आणली आणि आजींच्या पुढ्यात उघडली. आजींनी आपली नोंद बोट ठेवून वाचली. मग पुन्हा वाचली.

"घ्या, कोरा कागद घ्या. लिहा हरकत," साहेब म्हणाले.

"नको," आजी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"भिंत होऊ दे. ती दोघं लहानपणापासून एका पाटावर बसून कधी जेवली नाहीत. मला भिंतीचं काही नाही. मला विचारायला हवं होतं." त्यांनी वही मिटली आणि भाऊसाहेबांच्या हातात दिली. "ही जागच्या जागी बांधा. कोणाची तरी आई येईल वाचायला."

साहेबांनी भाऊसाहेबांकडे बघून मान हलवली. खुलासा फाइलला लागला आणि तिथेच राहिला. बाहेर आल्यावर भाऊसाहेबांनी सुतळीला दोन गाठी जास्तच मारल्या. मिस्त्रीणबाई बाकावर बसून त्या गाठी बघत राहिल्या.

"चला," आजी म्हणाल्या. "आणि तुमच्या मिस्त्रींना सांगा, भिंत त्यांनी बांधायची. गिलाव्यासकट."

"थोरले तयार होतील?"

"त्याला सांगणार आहे मी," आजी म्हणाल्या. "हळूहळू, योग्य वेळ बघून."

आजींनी ही वेळ त्याच संध्याकाळी बघितली. थोरल्याने आधी हात झटकले, मग आवाज चढवला, मग धाकट्याने "आई म्हणतेय तर होऊ दे" म्हटलं, आणि धाकटा म्हणाला म्हणून थोरला पुन्हा अडला. शेवटी दोघांनीही मान्य केलं, कारण कोणालाच दुसऱ्याने सुचवलेला गवंडी नको होता आणि मिस्त्री दोघांपैकी कोणाचाही नव्हता.

आखणीच्या दिवशी मिस्त्रीणबाई सोबत गेल्या. बोलायला कोणी तरी हवं म्हणून. मिस्त्रींनी दोरी रंगात बुडवली, दाराशी खिळा ठोकला आणि दोरी खिडकीपर्यंत ताणून टपकन सोडली. फरशीवर लाल रेघ उमटली. थोरली सून तिच्या एका बाजूला, धाकटी दुसऱ्या बाजूला. लगेच सुरू झालं. कपाट इकडे, पंख्याचं बटण तिकडे, खिडकीचं एक एक दार प्रत्येकाला.

आजी रेघेवर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि मी कोणत्या बाजूला?"

दोन्ही मुलांनी पायांकडे बघितलं. सुनांनी एकमेकींकडे बघितलं. वाटणीत मशीनचं ठरलं होतं, कपाटाचं ठरलं होतं, एवढंच एक ठरायचं राहिलं होतं. मिस्त्रीणबाईंच्या जिभेवर दोन-चार गोष्टी आल्या, आणि त्यांनी त्या गिळल्या. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

"भिंत खिडकीपर्यंत न्यायलाच पाहिजे असं नाही," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ते बोलू शकतात हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

"अलीकडेच थांबवतो," ते म्हणाले. "मशीन आहे तिथे राहील. उजेडही दोन्हीकडे जाईल."

"आणि तिथे दार बसवायचं ना?" थोरल्या सुनेने विचारलं. "कडी आमच्या बाजूने."

"आमच्या बाजूने का नको?" धाकटी म्हणाली.

"मशीन असताना दार लागणार नाही," मिस्त्री म्हणाले, आणि वाकून दुसरी रेघ मारू लागले. त्यांचं त्या महिन्याचं बोलणं संपलं होतं.

नकाशात भिंत पूर्ण होती, म्हणून मिस्त्रीणबाई भाऊसाहेबांना विचारायला गेल्या. "भिंत कमी बांधायला कोणाची हरकत असते?" ते म्हणाले. "जास्त बांधू नका म्हणजे झालं."

भिंत झाली, तिचा गिलावा झाला, मागचा जिना झाला. आजी त्या मोकळ्या जागेत बसून पुढे बरीच वर्षं शिवत राहिल्या. एका बाजूला सकाळी जेवत, दुसऱ्या बाजूला संध्याकाळी, आणि दोन्हीकडच्या स्वयंपाकाला नावं ठेवत. दोघा भावांचं त्यामुळे काही जुळलं वगैरे नाही. थोरला रस्त्यात भेटला की मिस्त्रीणबाईंना ओळख दाखवत नसे. त्याच्या मुलाने मात्र स्वतःचं घर बांधलं तेव्हा गिलाव्याला मिस्त्रींनाच बोलावलं.

मिस्त्रीणबाईंनी तेव्हापासून दारात जाण्याची रीत बदलली. कागदाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. "इकडून चालले होते, वाळू दिसली, म्हटलं काही काम निघालंय का," एवढंच. मग घरातल्या माणसाने किती सांगायचं ते त्याचं त्याने ठरवायचं. त्या म्हणतात, अशाने जास्त कळतं.

पण हे सगळं पुढचं. भिंतीचं काम चालू असतानाच एका मंगळवारी त्या खिडकीशी गेल्या, आणि त्यांना आपली जागा सापडेना. खिडकीपुढे रांग होती. फरशीवाला होता, रंगारी होता, नळवाला होता, खिडक्यांना जाळ्या बसवणारा होता. एक म्हातारी स्वतःच्याच अर्जावर हरकत घ्यायला आली आणि साहेबांना वही बाहेर काढावी लागली, ही गोष्ट चहाच्या टपऱ्यांवर फिरली होती. तिच्या पोटात दुसरी गोष्टही फिरली होती, की असली एक वही आहे आणि ती कोणालाही वाचता येते. मांजर खिडकीच्या कट्ट्यावरून नाराजीने सगळ्यांकडे बघत होतं.

"वहिनी, आता रांगेत," भाऊसाहेब आतून म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी दिलगिरी होती, पण आपल्या अक्षरापुढे लागलेल्या रांगेचा ताठाही होता.

फरशीवाला अक्षर अक्षर लावून वाचत होता. मागचे त्याला ढोसत होते. "काकू, हे सामासिक अंतर म्हणजे काय हो?" त्याने मागे वळून विचारलं. मिस्त्रीणबाईंनी क्षणभर विचार केला, आणि सांगितलं, हद्दीपासून मोकळी सोडायची जागा. मग नळवाल्याने विचारलं, मग रंगाऱ्याने. त्यांची पाळी येईपर्यंत त्यांनी निम्मी वही तोंडी समजावून दिली होती.

त्या घरी आल्या तेव्हा मिस्त्री अंगणात पाटावर बसून रंधा धूत होते.

"मिळालं काही?"

"मिळालं. दोन खोल्या, आणि एक कुंपण." त्या पायरीवर टेकल्या. "पण आपल्याआधी चौघांनी वाचलंय. यापुढे असंच. जो तो जाणार, जो तो दार ठोठावणार."

मिस्त्रींनी रंध्यावरचं पाणी झटकलं, तो उजेडात धरून एका डोळ्याने त्याची कड बघितली, आणि म्हणाले, "म्हणजे आता गिलावा चांगला करावा लागणार."

"आणि इतकी वर्षं काय करत होता मग?" मिस्त्रीणबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.